हॅलमांच्या घरी गॅस लाभत नाही

"कापायचं ते कापा," मिस्टर हॅलम म्हणाले, "पण गॅस नाही."

मी पेन खाली ठेवलं. ऑपरेशनच्या आधी पेशंटला तपासायचं, त्याच्याशी बोलायचं, त्याला मनातलं बोलू द्यायचं, यासाठी आमच्या हॉस्पिटलमध्ये प्री-ऑप क्लिनिक असतं. तिथे लोक मला पुष्कळ गोष्टी नको म्हणतात. सुई नको, तो मागून उघडा गाऊन नको, मध्येच जाग यायला नको. गॅस नको म्हणणारा माणूस मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भेटत होता.

रॉय हॅलम पंचाहत्तरी ओलांडलेले. नॉटिंगहॅमहून तासाभरावर, डर्बीशरच्या टेकड्यांवर त्यांचा मेंढ्यांचा फार्म. हॉस्पिटलला यायचं म्हणून टाय लावून आले होते. शेजारी त्यांची मुलगी जेन, पन्नाशीची, गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरून बसलेली. रॉयना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. आत्ता काढला तर पूर्ण निघेल असं सर्जनचं मत होतं. थांबलं तर आतडं बंद पडणार होतं, आणि मग कुणाचं मत विचारायला वेळच उरला नसता.

"गॅस का नको?" मी विचारलं.

"आमच्या घरात तो कुणाला चालत नाही, मी डक."

आमच्या या भागात म्हातारी माणसं भेटेल त्याला प्रेमाने 'मी डक', म्हणजे 'माझ्या बदका', म्हणतात. पोस्टमनला म्हणतात, बँक मॅनेजरला म्हणतात, माझ्यासारख्या कन्सल्टंट डॉक्टरलाही म्हणतात. मला त्याची सवय आहे. पण त्यांचं पुढचं वाक्य असं होतं, की ते कानात शिरेपर्यंत आपोआप मराठी झालं. "इट्स नेव्हर डन अस एनी गुड," ते म्हणाले. म्हणजे, आम्हाला तो लाभत नाही.

मी भूलतज्ज्ञ. सर्जन कापतो आणि नाव कमावतो. पेशंट त्या वेळात जिवंत, गाढ झोपलेला आणि वेदनेबाहेर राहील हे बघायचं काम माझं. आजकाल भूल द्यायच्या दोन वाटा आहेत. एक, शिरेतल्या इंजेक्शनने झोपवायचं आणि मग श्वासातून गॅस देत झोप टिकवायची. दुसरी, गॅसला हातच लावायचा नाही. दुधासारखं दिसणारं एक औषध पंपाने शिरेतून हळूहळू सोडत राहायचं. मी ही दुसरी वाट रोज वापरते.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "मग नाही देणार गॅस. सगळं शिरेतून देईन."

जेनच्या मुठीतली किल्ली सैल झाली. मलाही आपण फार हुशार आहोत असं वाटलं. ते काही क्षणच टिकलं, कारण पुढचं सांगणं भाग होतं. झोपवण्याआधी पेशंटला मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागतो. झोप लागली की श्वास थांबतो आणि घशात नळी घालेपर्यंत शरीराला त्या साठ्यावर तग धरायचा असतो. रॉयचं पोट तुंबायला लागलं होतं, म्हणजे पोटातलं घशात यायच्या आत घाईने नळी घालावी लागणार होती. नाकातल्या नळ्यांवर मी हे निभावलं नसतं. मला घट्ट बसणारा मास्कच हवा होता.

"तोंडावर काहीतरी धरणार?" रॉयनी विचारलं.

"फक्त ऑक्सिजन. थोडा वेळ."

ते उठले. टायची गाठ सारखी केली. "थँक यू, डॉक्टर. तुम्ही नीट बोललात," म्हणाले आणि दाराकडे निघाले. जेन त्यांच्यामागून धावली.

दुपारी सर्जन ग्रॅहमने मला कॉफी मशीनपाशी गाठलं. आम्ही बरीच वर्षं एकत्र काम करतो. तो माणूस चांगला आहे, फक्त पेशंट झोपलेला असला की त्याला जास्त आवडतो.

"माझा आतड्याचा पेशंट पळवलास म्हणे."

"मी नाही पळवला. मास्कने पळवला."

"मेधा, सोपं आहे. आधी शिरेतून थोडं गुंगीचं दे. गुंगला की लाव मास्क. त्याला कळणारही नाही."

"तो नाही म्हणालाय."

"मास्कला नाही म्हणालाय. झोपल्यावर कुठे म्हणणार आहे?"

"म्हणूनच. झोपला म्हणून 'नाही'चं 'हो' होत नाही, ग्रॅहम."

त्याने कप खाली ठेवला. "घरात कुठलीतरी जुनी गोष्ट आहे म्हणे. कोणी आजी क्लोरोफॉर्मने गेली. हे फोकलोर आहे. माझ्याकडे सोमवारपर्यंत जागा आहे. नंतर ती दुसऱ्याला द्यावी लागेल."

त्याचं चूक होतं असं नाही. पण आमच्या धंद्यात असं फोकलोर, अशा घरातल्या ऐकीव गोष्टी, मोलाच्या असतात. काही घराण्यांत एक दोष वारशाने येतो. अशा माणसाला गॅस दिला की अंग तापत जातं, स्नायू लाकडासारखे कडक होतात आणि वेळेत ओळखलं नाही तर माणूस हातचा जातो. म्हणून आम्ही प्रत्येकाला विचारतो, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का? आणि कुणी खरंच हो म्हणालं, की त्याला फोकलोर म्हणून मोकळं होता येत नाही. हॅलमांच्या घरी तर त्यानंतर कुणी गॅस घेतलाच नव्हता. त्यामुळे तो दोष त्यांच्यात आहे की नाही हेही कळायला मार्ग नव्हता.

संध्याकाळी जेनचा फोन आला. सेक्रेटरीने नंबर दिला म्हणाली. आवाज भरून आला होता, पण रागाने.

"डॉक्टर, आमच्या घरात हे असंच आहे. दात काढताना नाही, हात मोडला तरी नाही. मी दोन बाळंतपणं गॅस अँड एअरशिवाय काढली. बाबांनी सांगितलं म्हणून नाही. कुणी सांगतच नाही. फक्त घेत नाहीत. आता माझी बेथ गरोदर आहे आणि ती विचारतेय, मी पण नाही का घ्यायचं?" गॅस अँड एअर म्हणजे इथे कळा सोसताना बायका नळीतून ओढतात तो वेदना कमी करणारा गॅस. "आणि आता ते यापायी मरणार. शांतपणे, टाय लावून."

मी तिला म्हटलं, मला दोन दिवस दे.

शनिवारी आमची इरा घरी आली होती. ती लेस्टरला शाळेत शिकवते. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी तिचं स्वतःचं आहे. जेवताना लंडनमधल्या एजवेअरच्या वन्संनी पाठवलेले पोह्यांचे पापड भाजले होते.

"आई, आपण घरी पापड का नाही बनवतो?"

"आपल्या घराला लाभत नाहीत." मी सांगितलं. "तुझ्या बाबांच्या घराण्यात पूर्वी कधीतरी पापड वाळत घातलेले असताना कुणीतरी गेलं. तेव्हापासून लाटायचे नाहीत."

"कोण गेली?"

"ते आता कुणालाच माहीत नाही."

"मग आत्याची पापड आपण कशी खातो? ती पण त्याच घराची आहे ना?"

"ती लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली. तिने लाटलेले चालतात. शेजारणीचे चालतात. दुकानातले पण चालतात."

इराने पापडाचा तुकडा मोडला आणि हसायला लागली. "सो दॅट्स द लूपहोल! पापड प्रॉब्लेम नाहीच आहे. फक्त कोणाची हात, तेवढाच प्रॉब्लेम."

माझा नवरा तिच्या व्याकरणावर हसला. मी नाही हसले. मी उठून जेनला फोन लावला आणि विचारलं, उद्या दुपारी मी तुमच्याकडे येऊ का?

आता कन्सल्टंटने पेशंटच्या घरी जायचं हे कुठल्या नियमाविरुद्ध नाही, पण कुणी करत नाही. पूर्वी मात्र भूल घरीच दिली जायची. टेकड्यांमधल्या अरुंद रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे गाडी चालवताना मी त्या काळच्या खेड्यातल्या डॉक्टरांचा विचार करत होते. आमच्या धंद्याचे ते मूळपुरुष. लंडन-एडिंबरामध्ये भुलेचं नवीन औषध निघाल्याची बातमी वर्तमानपत्रातून यायची आणि हे लोक घोड्यावरून ती बाटली खिशात घालून शेतकऱ्याच्या घरी पोचायचे. पुष्कळांनी ईथरपेक्षा क्लोरोफॉर्म पसंत केला, कारण ईथर भरपूर लागतो आणि पेटतो. स्वयंपाकघरात चूल आणि हातात मेणबत्ती असताना तो कोण वापरणार? क्लोरोफॉर्मला एक बाटली आणि एक रुमाल पुरायचा. ज्या माणसाचा पाय चौघांनी धरून कापावा लागला असता, तो झोपून राहायचा. केवढी धमक लागली असेल त्यांना! मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. अडचण एकच होती. डॉक्टर एकटा असायचा. त्याचे दोन्ही हात कापण्यात गुंतलेले, मग रुमाल धरायचा कोणी? घरात जो असेल त्याने.

फार्मवर पोचले तेव्हा बूट चिखलाने भरले. जेनने मला जुने रबरी वेलिंग्टन बूट दिले, ते दोन साइझ मोठे होते. रॉय किचनमध्ये खिडकीपाशी बसले होते. टाय नव्हता. मला बरं वाटलं.

"मी मत बदलायला आले नाही," मी सुरुवातीलाच सांगितलं. "मला फक्त ती गोष्ट ऐकायची आहे. नीट, सगळी. कोण होतं, काय झालं."

त्यांनी आधी चहा होऊ दिला. मग खिडकीकडे बोट दाखवलं.

"खुर्ची इथे होती. उजेड इथेच येतो. नेलची दाढ काढायची होती. नेल म्हणजे माझ्या पणजीची धाकटी बहीण. पणजीचं नाव एडिथ. तेव्हा दोघी पोरीच होत्या. आई गाईंची धार काढायला गेलेली. गावचा डॉक्टर चांगला माणूस होता, त्याने इथल्या कितीतरी लोकांना क्लोरोफॉर्म दिला होता. त्याला दाढ ओढायची, म्हणून रुमाल एडिथच्या हातात दिला. म्हणाला, घट्ट धर आणि मी सांगेन तेव्हा ओत." ते थांबले. "नेल घाबरली होती. दोन-चार श्वास घेतले, धडपडली. एडिथने घट्ट धरलं. आणि ती गेली. पकड तोंडात घालायच्या आधीच."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"एडिथनेच. मी लहान होतो. कुत्र्याशी खेळताना त्याच्या तोंडावर ओलं फडकं टाकलं. तिने येऊन मला अशी थोबाडीत मारली! आयुष्यात एकदाच मारलं तिने. मग इथेच बसली आणि सगळं सांगितलं. बर्फात सुद्धा ती आमच्या नाकावरचे स्कार्फ खाली ओढायची. शेवटी आजारी होती तरी तोंड पुसायचं फडकं स्वतःच्या हाताने घ्यायची. दुसऱ्याला धरू द्यायची नाही."

जेन सिंकपाशी पाठमोरी उभी होती. "मला हे कधीच सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"कधी विचारलं नाहीस."

मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. अंग तापलं होतं का? कडक झाली होती का? ते नाही म्हणाले. सगळं क्षणात झालं होतं. मग मी त्यांना मला माहीत होतं ते सांगितलं. क्लोरोफॉर्ममध्ये एक खोट होती, ती त्या वेळी कुणालाच नीट उमगली नव्हती. माणूस घाबरलेला असला, ताठ बसलेला असला आणि भूल अजून हलकीच असली, तर हृदय एकाएकी थांबायचं. मोठ्या ऑपरेशनमध्ये नाही, अशा दाढेबिढेच्या वेळीच. मोठमोठ्या हॉस्पिटलांत, अनुभवी माणसांच्या हाताखालीही असे मृत्यू झाले.

"म्हणजे तिने जास्त घट्ट धरलं म्हणून नाही?" रॉयनी विचारलं.

"नाही. हेच झालं होतं असं शपथेवर नाही सांगू शकत, मी तिथे नव्हते. पण तुम्ही सांगता ते त्याच्याशीच जुळतं. त्या दिवशी रुमाल मी धरला असता तरी ती गेली असती."

 त्यांनी रुमाल काढून नाक शिंकरलं, मोठा आवाज करून. "हे आमच्या एडिथला कुणीतरी सांगायला हवं होतं," म्हणाले.

 मी पर्स उघडली आणि आणलेला मास्क टेबलावर ठेवला. पारदर्शक प्लॅस्टिकचा, कडेला हवेची मऊ गादी असलेला. त्यांनी हात लावला नाही.

"त्या काळी काही डॉक्टर एक युक्ती करायचे," मी म्हटलं. "बाळंतिणीचा रुमाल तिच्याच हातात द्यायचे. गुंगी आली की हात आपोआप खाली पडतो आणि तोंड मोकळं होतं. जेन, तो तुमचा गॅस अँड एअर आजही तसाच देतात. नळी बाईने स्वतः धरायची. नर्सने नाही, नवऱ्यानेही नाही."

"म्हणजे?"

"मास्क तुम्ही धरायचा, मिस्टर हॅलम. तुमच्या हाताने. नको वाटला तर तुम्हीच काढायचा. आत फक्त ऑक्सिजन. झोपेचं औषध शिरेतून जाईल. हात खाली पडला म्हणजे झोप लागली, आणि मग पुढचं माझ्याकडे. तेव्हा मास्क माझ्या हातात येईल, हेही आत्ताच सांगून ठेवते. तुमच्या पाठीमागे काही करणार नाही."

आता त्यांनी मास्क उचलला. उलटसुलट केला. हुंगला. मेंढी विकत घेताना दात बघतात तसं सगळं बघून झालं.

"आणि तुम्ही कुठे असणार?"

"डोक्याशी. तुम्ही जागे होईपर्यंत."

"चहाला जाणार नाही?"

"नाही."

"हं," ते म्हणाले. इथल्या शेतकऱ्याचा हा 'हं' म्हणजे जवळजवळ होकारच.

अजून एक गोष्ट मला सांगावी लागणार होती. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सर्जन पोट फुगवतो. आत नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतो. म्हणजे गॅसच. न सांगता चाललं असतं, पण मग ग्रॅहममध्ये आणि माझ्यात फरक काय राहिला? मी सांगून टाकलं. जेनने डोळे मिटून घेतले.

रॉय मात्र खूश झाले. "पोटात? क्लोव्हरचा हिरवा चारा खाऊन मेंढी फुगते तशी? फुगली की आम्ही बरगडीमागे टोचून हवा काढतो. झाल्यावर काढणार ना?"

"काढणार."

"मग तो चालेल. तो पोटातला."

सोमवारी सकाळी मी ग्रॅहमला फोन केला. "जागा ठेव. तुझ्या गॅसलाही परवानगी मिळाली आहे."

"माझ्या गॅसला परवानगी लागत होती?"

"लागते," मी म्हटलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी लवकर गेले. माझी कामातली जोडीदार डेब ऑपरेशन थिएटरमध्ये भुलेचं मशीन सांभाळते. मी तिला गॅसचे डबे मशीनवरून उतरवायला लावले, नळ्या बदलल्या, मशीनमधून बराच वेळ ऑक्सिजन सोडून ते धुऊन काढलं. समजा त्या घरात तो वारशाचा दोष असलाच, तर मला गॅसचा मागमूसही नको होता. रॉयना ट्रॉलीवरून आणलं तेव्हा डेबने त्यांना ते काढून ठेवलेले डबे दाखवले. त्यांनी मान डोलावली.

इथे थिएटरला लागून एक छोटी खोली असते, तिथे पेशंटला झोपवतात. मी शिरेत सुई घातली आणि मास्क त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो धरला, तोंडापासून थोडा लांब.   मग त्यांनी हळूच तो जवळ आणला आणि टेकवला. मॉनिटरवर श्वासाची रेघ उमटली, आधी खुजी, मग मोठी.

"घट्ट धरू का?" त्यांनी मास्कमधून विचारलं.

"धरा. तुमचाच आहे."

औषध आत गेलं. त्यांचा हात सैल झाला आणि हळूहळू छातीवर उतरला. मास्क मी हातात घेतला. इतकी वर्षं मी मास्क धरत आले, पण तो कुणाकडून तरी घेतेय असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

ऑपरेशन नीट चाललं होतं. मध्यावर मात्र माझं लक्ष मॉनिटरवर खिळलं. तपमानाचा आकडा वर सरकत होता आणि श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइडही वाढत होता. त्या वारशाच्या दोषाची पहिली लक्षणं नेमकी हीच. गॅस तर दिलेला नव्हता! डोकं सांगत होतं शक्य नाही, पण आकडे वर जातच होते.

"वर सगळं ठीक?" ग्रॅहमने विचारलं. पडद्यापलीकडे माझा आवाज बंद झाला की त्याला कळतं.

"जरा थांब. पोटातला गॅस बाहेर सोड."

त्याने वाद घातला नाही, सोडला. मी जबडा चाचपला, हात वाकवून पाहिला. मऊ. रक्त तपासलं, नॉर्मल. मग खाली बघितलं तर गरम हवेचं ब्लँकेट सगळ्यात वरच्या सेटिंगवर होतं. म्हाताऱ्याला थंडी वाजू नये म्हणून मीच ते तिथे नेलं होतं. ब्लँकेट कमी केलं, पोट रिकामं झालं, दोन्ही आकडे खाली आले. ग्रॅहमचा गॅस आणि माझी माया, एवढंच होतं ते.

चहाच्या वेळी सहकाऱ्याने डोकं आत घालून विचारलं, "सोडवू तुला?" इथे ही पद्धत आहे, एकमेकांना दहा-पंधरा मिनिटं सुट्टी देतात. मी नको म्हटलं. पुढचा तास मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत काढला. कारण सांगायची गरज नाही. शब्द दिलेला होता, पण सकाळी एवढं पाणी प्यायची काही गरज नव्हती.

रॉयना जाग आली तेव्हा मी डोक्याशीच होते. त्यांनी आधी हाताने तोंड चाचपलं. तोंडावर काही नव्हतं, नाकाखाली ऑक्सिजनची बारीक नळी तेवढी होती. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"इथेच आहात होय."

"इथेच आहे."

"जा आता, मी डक. चहा घ्या."

मी गेले. पण आधी चहाला नाही.

कॅन्सर पूर्ण निघाला. काही दिवसांत ते घरी गेले आणि मेंढ्यांच्या विणीच्या दिवसांत, जेन कितीही ओरडली तरी, गोठ्यात जाऊन उभे राहायला लागले. त्या वारशाच्या दोषाची पक्की तपासणी करायची तर स्नायूचा तुकडा काढावा लागतो. रॉय म्हणाले, कापून घ्यायची हौस फिटली. तेव्हा नेलला नक्की काय झालं, हे आता कधीच कळणार नाही. मी सगळ्या कुटुंबाच्या फाइलवर लिहून ठेवलं, यांना भुलेचा गॅस देऊ नये. म्हणजे एडिथचा नियम मी मोडला नाही. उलट हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये चढवला. बाळंतपणातला गॅस अँड एअर वेगळा, तो त्या दोषातही चालतो, हेही खाली लिहिलं.

ग्रॅहमने मला एक चॉकलेटचा बॉक्स दिला.  कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

उन्हाळा लागताना जेनचा फोन आला. बेथला मुलगी झाली होती. बेथने आजोबांना आधीच विचारलं होतं, मी गॅस अँड एअर घेऊ का? ते तेव्हा कोकराला बाटलीने दूध पाजत होते.

"नळी कोण धरणार?" त्यांनी विचारलं होतं.

"मीच."

"मग चालेल."

पन्नास वर्षांच्या जेनने हे मला सांगितलं आणि फोनवर लहान मुलीसारखी रडली. मग हसली. मुलीचं नाव त्यांनी नेल ठेवलं आहे.

इराला मी सगळी गोष्ट सांगितली. तिने पुढच्याच शनिवारी पापडांचं पीठ आणलं आणि आमच्या किचनमध्ये लाटायला बसली. तिचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे तिने लाटलेले चालतात की नाही यावर एजवेअर आणि नॉटिंगहॅममध्ये फोनवर बराच खल झाला. निकाल लागायच्या आत आम्ही ते तळून खाल्ले. मीठ जास्त झालं होतं.

क्लिनिकमध्ये मी अजून तो ठरलेला प्रश्न विचारते, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का? बहुतेक लोक नाही म्हणतात. मग मी आणखी एक विचारते, तुमच्या घरात काय लाभत नाही? त्यावर लोक खुर्ची पुढे ओढतात आणि बोलायला लागतात. क्लिनिकला उशीर होतो, मॅनेजर घड्याळ दाखवतो. कोणतं औषध चांगलं यावर आम्ही भूलतज्ज्ञ मोठमोठ्या कॉन्फरन्स भरवतो. पेशंट बहुतेक वेळा एवढंच विचारत असतो, की धरणार कोण.